ईई ६० टक्के, मग आर किती?

प्रश्न : मँडेलिक ॲसिडचं रिझोल्यूशन केलं, म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखी त्याची दोन रूपं, आर आणि एस, वेगळी करायचा प्रयत्न केला. ०.५० ग्रॅम नमुना पाण्यात विरघळवून आकारमान २० मिली केलं. १० सेंमीच्या नळीत पोलारिमीटरनं (द्रावण ध्रुवित प्रकाश किती फिरवतं ते मोजणारं यंत्र) −२.३० अंश दाखवलं. ईई (एनँशिओमेरिक एक्सेस, एका रूपाचं आधिक्य) ६० टक्के निघाला, म्हणून वहीत आर ६०, एस ४० लिहिलं. कायरल एचपीएलसीवर (दोन्ही रूपं वेगळी करून मोजणारं यंत्र) मात्र ८३ : १७ येतंय. कुठं चुकलं?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आकडेमोड बरोबर आहे, अर्थ लावताना घोळ झालाय. नळी १ डेसिमीटर, मिलीला ०.०२५ ग्रॅम, −२.३० ÷ (१ × ०.०२५) = −९२. शुद्ध आर-मँडेलिकचं पाण्यातलं स्पेसिफिक रोटेशन (१ डेसिमीटर नळी आणि मिलीला १ ग्रॅम धरून काढलेलं फिरणं) −१५३च्या आसपास, म्हणून ९२ ÷ १५३, म्हणजे ६० टक्के. पण हे ६० म्हणजे आर एसपेक्षा किती जास्त, एवढंच. उरलेले ४० रेसिमिक, म्हणजे समसमान मिश्रण, त्यात दोघांचे २०-२०. म्हणून आर ८०, एस २०. थेट काढायचं तर (१०० + ईई) ÷ २.

आता ८० खरे की ८३? ८३ − १७ म्हणजे ईई ६६, आणि आमचा कौल एचपीएलसीला. दोन्ही एनँशिओमर (म्हणजे आर आणि एस) यूव्ही सारखंच शोषतात, त्यामुळे पीकच्या (आलेखातल्या उंचवट्यांच्या) क्षेत्रफळांचं गुणोत्तर तसंच्या तसं चालतं. वजनातली चूक तिथं आड येत नाही. पोलारिमीटरची सगळी भिस्त वजनावर. ६६ टक्क्यांना −१०१ यायला हवं होतं, आलं −९२. म्हणजे वजनातला जवळजवळ ९ टक्के माल प्रकाश फिरवतच नाही. बहुधा ओलावा किंवा राहिलेलं सॉल्व्हंट. व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि पुन्हा मोजा. तरी फरक राहिलाच, तर रिझोल्यूशनला वापरलेलं कायरल अमाइन पुरतं धुतलं गेलंय का ते बघा. ते स्वतःही प्रकाश फिरवतं. शून्य पाण्यावर लावायचं, नळीत बुडबुडा नको, हे ओघानं आलंच. बडोद्याच्या मे महिन्यात खोलीचं तापमानही टिपून ठेवा, पुस्तकातले आकडे बहुतेक २० अंशांचे असतात.

एचपीएलसीवरही डोळे झाकून विसंबू नका. आधी रेसिमिक नमुना सोडा : दोन पीक, ५० : ५०, मधे बेसलाइनपर्यंत उतरलेले. छोटा पीक मोठ्याच्या शेपटीवर बसला असेल, तर सॉफ्टवेअर रेघ कुठं मारतं त्यावर १७चे १५ किंवा १९ होतात.

आणि स्फटिकांच्या ढिगातून चिमूटभर उचलून ईई काढू नका. अर्धवट समृद्ध मालात सगळे स्फटिक सारखे नसतात. सगळा माल विरघळवा, मग त्या द्रावणातून नमुना घ्या.