एक मशीन चालूच, बाकीच्या बसून

प्रश्न: आमच्याकडे तीन सारख्या सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) मशिनी आहेत, कुठलाही जॉब कुठल्याही मशीनवर चालतो. मी लहान जॉब आधी उरकतो, मोठे नंतर. पण शेवटी दोन मशिनी मोकळ्या आणि एक उशिरापर्यंत चालूच. परवा ३, ३, ३, ४, ४, ५, ५ तासांचे जॉब होते, सगळं संपायला १२ तास लागले. सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर: थांबा, आधी बेरीज करा. एकूण २७ तास, मशिनी ३, म्हणजे ९ तासांच्या आत हे कुणाच्या बापाला जमणार नाही. आता क्रम उलटा करा, मोठे जॉब आधी आणि जी मशीन मोकळी होईल तिच्यावर पुढचा. ११ तासांत संपेल. या पद्धतीला एलपीटी (लाँगेस्ट प्रोसेसिंग टाइम, म्हणजे जास्त वेळाचं काम आधी) म्हणतात, गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६९ मध्ये दाखवलं की तीन मशिनींवर ती सर्वात चांगल्या वेळापत्रकापेक्षा फार तर २२ टक्के मागे पडते, आणि गंमत म्हणजे तुमच्या आकड्यांत नेमकी तीच सगळ्यात वाईट केस लागलीय! मग हातानेच अदलाबदल करा. ११ तासवाल्या मशीनवर ४, ४, ३ आहेत, बाकी दोघींवर ५, ३. ११ वालीचा एक ४ पहिलीला देऊन पहिलीचा ३ घ्या, दुसरा ४ दुसरीला देऊन दुसरीचा ३ घ्या. तिन्ही मशिनी ९ तासांवर. सात जॉबसाठी कागद-पेन पुरतं, जॉब खूप वाढले तर मात्र अचूक उत्तर शोधणं फार अवघड होत जातं, अगदी दोनच मशिनी असल्या तरी, तेव्हा सॉफ्टवेअरचा विचार करा.

पण तुमची जुनी पद्धत टाकाऊ नाही हं. तुमच्या क्रमात जॉब सरासरी ६.१ तासांत हातात येत होता, एलपीटीत ७ तास लागतात. जॉब झाला की लगेच डिस्पॅच होत असेल तर लहान आधी हेच बरोबर, सगळा लॉट एकदमच जात असेल किंवा ओव्हरटाइम वाचवायचा असेल तर मोठे आधी. हे ठरवल्याशिवाय कुठलंही सॉफ्टवेअर काय कामाचं?

आणि सेटिंगचा वेळ, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करायचा वेळ, तुम्ही लिहिलाच नाहीये, माझ्या मते खरी गोची तिथेच असते. फिक्स्चर (जॉब मशीनवर घट्ट धरून ठेवणारी चौकट) बदलायला तासभर जात असेल तर एकाच फिक्स्चरचे जॉब एका मशीनवर लागोपाठ लावा, भले लोड थोडा कमीजास्त झाला तरी चालेल.