वाचकांचे प्रश्न : फळं पुन्हा कशी सुरू करावीत?

प्रश्न : चार महिने पोळी, भात, फळं बंद होती. द्राक्षं खायला लागले आणि तीन दिवसांत दीड किलो वजन वाढलं. पुन्हा बंद करू का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बंद करू नका. तीन दिवसांत दीड किलो चरबी चढत नाही. हे बहुतांशी पाणी आहे. कर्बोदकं परत मिळाली की यकृत आणि स्नायू ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात.

चूक फळ निवडण्यात झाली. १०० ग्रॅम द्राक्षांत साखर १५ ग्रॅमच्या आसपास, तंतू (फायबर) जेमतेम १ ग्रॅम. तेवढ्याच पेरूत तंतू ५ ग्रॅम! म्हणून पहिला आठवडा रोज अर्धा पेरू, जेवणानंतर. मग अर्धी ज्वारीची भाकरी आणि पाव वाटी मोडाच्या मटकीची उसळ, नीट शिजवून. एकदम वाटीभर खाल्लीत तर पोट फुगेल, कारण आतड्यातल्या जीवाणूंची तंतूंची सवय सुटलेली असते. पाणी वाढवा. द्राक्षं तिसऱ्या आठवड्यात, १०-१२ मणी, मूठभर शेंगदाण्यांबरोबर. रस मात्र नकोच.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. डोस बदलावा लागू शकतो.