वाचकांचे प्रश्न : आधी मजकूर, मग मांडणी

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांसाठी आम्ही साताऱ्यात राहून वेबसाइटची मांडणी आणि लेखन अशी दोन्ही कामे स्वतंत्रपणे करणाऱ्या एका लेखिकेला आमंत्रित केले होते. पावसाच्या नक्षत्रांवरील संकेतस्थळ, एका तालुका ग्रंथालयातील हस्तलिखित अंकांचा संग्रह आणि एका जुन्या वेबसाइटचे युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर सारख्याच उमटणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत) रूपांतर ही त्यांची अलीकडची कामे. त्यासंबंधी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांनी दिलेली उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न (नाशिक) : पावसाच्या नक्षत्रांवरील आपले संकेतस्थळ आमच्या घरी सर्वांनी पाहिले. ही कल्पना कशी सुचली? मजकूर आणि मांडणी दोन्ही एकाच व्यक्तीने केल्याने काही फरक पडतो का?

उत्तर : कल्पना पंचांगात तयारच होती. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे एका नक्षत्राच्या वाट्याला साधारण साडेतेरा दिवस येतात, आणि आपल्याकडची शेतीवर पोट असलेली जुनी माणसे पावसाळा जून-जुलैच्या हिशेबाने न मोजता याच तेरा-चौदा दिवसांच्या हिशेबाने मोजतात. ७-८ जूनच्या सुमारास मृग निघतो, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरच्या अखेरीस हस्त. मी नेहमीची बारा महिन्यांची चौकट घेतली असती, तर आर्द्रा, पुष्य, पूर्वा आणि हस्त या चारही नक्षत्रांचे दोन महिन्यांत दोन तुकडे पडले असते. म्हणून महिनाच काढून टाकला आणि प्रत्येक नक्षत्राला एकेक पान दिले; तारखा फक्त पानाच्या कडेला बारीक अक्षरांत ठेवल्या.

प्रत्येक पानावर त्या नक्षत्राचे वाहन आहे. वाहन काढण्याची पंचांगातील रीत मला फार आवडते, कारण ती शुद्ध अंकगणित आहे : सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल तिथपर्यंत सूर्यनक्षत्रापासून मोजायचे, त्या संख्येला ९ ने भागायचे आणि जी बाकी उरेल तिच्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा. बेडूक, म्हैस आणि हत्ती आले की पाऊस भरपूर, कोल्हा आणि मेंढा आले की ओढ, असा समज. हा समज खरा की खोटा यावर मी एक ओळही लिहिलेली नाही. पानाच्या डाव्या बाजूला वाहन आहे आणि उजव्या बाजूला कृषी विभाग मंडळनिहाय प्रसिद्ध करतो त्या पर्जन्यमानाचे मिलिमीटर आहेत. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की वाचक स्वतःच ताडून पाहतो, आणि त्याने तसे पाहावे म्हणूनच ही मांडणी केली आहे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. मजकूर एकाने लिहायचा आणि मांडणी दुसऱ्याने करायची, अशा वाटणीत मांडणी करणाऱ्याच्या हाती सुरुवातीला खरा मजकूर नसतो. तो काहीतरी अर्थहीन रोमन मजकूर भरून चौकटी आखतो आणि नंतर मराठी मजकूर त्या चौकटींत कोंबावा लागतो. माझ्या पानांवर चौकटीची रुंदी म्हणींनी ठरवली. ‘पडेल हत्ती तर पाडील भिंती’ किंवा ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ या म्हणी मध्ये मोडल्या तर ‘तर’पाशीच मोडायला हव्यात, अन्यथा त्यांचा ठेका जातो, तेव्हा मोबाइलच्या अरुंद पडद्यावर अर्धी म्हण एका ओळीत मावेल एवढाच अक्षरांचा आकार ठेवला. मघा नक्षत्राच्या म्हणीचा उत्तरार्ध ‘न पडतील मघा तर वरती बघा’ असा आहे. मघा लागून पडल्या तर माणसाला घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, एवढेच पूर्वार्ध सांगतो, पण ज्या शब्दांत सांगतो ते या अंकात छापण्याजोगे नाहीत. संकेतस्थळावर मात्र मी तो जसाच्या तसा ठेवला आहे.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्या वाचनालयात जुने हस्तलिखित वार्षिक अंक आहेत. पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ वेबसाइटवर ठेवली तर पुरेसे होईल का? त्यासाठी कुणाची परवानगी लागते का?

उत्तर : फोटो अवश्य काढा, कारण कागद टिकणार नाही, पण फोटो हा अर्धाच टप्पा आहे. पानाच्या चित्रातील एकही शब्द शोधयंत्राला सापडत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या संगणकावरील वाचक-प्रणालीला ते पान कोरे दिसते, आणि मोबाइलवर वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. छापील मजकूर असता तर अक्षर ओळखणारी आज्ञावली वापरता आली असती. ‘टेसरॅक्ट’ ही मोफत आज्ञावली मराठी वाचते आणि स्वच्छ छपाई तीनशे डीपीआयने (इंचाला तीनशे ठिपके) स्कॅन केली असेल तर बऱ्यापैकी वाचते. हस्ताक्षरापुढे मात्र ती हात टेकते. मी ज्या ग्रंथालयासाठी काम केले तेथील अंक मुलांनी टाकाच्या वळणदार अक्षरांत लिहिलेले होते, समासात वेलबुट्टी होती आणि मधूनच कुणीतरी शाईने डाग पाडून त्या डागाचे फूल केलेले होते. तो सगळा मजकूर माणसांनीच टंकलिखित केला : निवृत्त शिक्षकांचा एक गट पाने वाटून घेऊन बसला, एकाने लिहिलेले दुसऱ्याने मूळ पानाशी ताडले, आणि जिथे शब्द लागला नाही तिथे चौकोनी कंस घालून जागा मोकळी ठेवली. वाचकाला पडद्यावर वर मूळ पान आणि खाली मजकूर असे दोन्ही दिसते. शुद्धलेखन जुनेच ठेवले. शेवटच्या अक्षरावरचे अनुस्वार काढले असते तर मजकूर आजचा दिसला असता, पण मग तो त्या मुलांचा राहिला नसता.

परवानगीचा मुद्दा सहसा कुणी काढत नाही, आपण काढलात हे बरे झाले. प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. उदाहरणार्थ, साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. हस्तलिखित अंकाचे प्रकरण याहून अवघड आहे. तो रीतसर प्रसिद्ध झालेला असतोच असे नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या साहित्यासाठी ६० वर्षांची मोजणी प्रसिद्धीपासून सुरू होते. त्यामुळे ‘अंक फार जुना आहे, आता कोण विचारणार’ या भरवशावर राहू नका. लेखक हयात असतील तर त्यांचे, नसतील तर वारसांचे एक पानाचे लेखी संमतिपत्र घ्या. आमच्या ग्रंथालयाने पत्रे पाठवली तेव्हा बहुतेकांनी संमती तर दिलीच, शिवाय काहींनी घरात पडून राहिलेले आणखी अंक आणून दिले. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांचे लेख सूचीत आहेत, पण उघडत नाहीत.

प्रश्न (सोलापूर) : आमच्या मंडळाच्या जुन्या वेबसाइटवरील मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो. तो मजकूर परत मिळू शकेल का?

उत्तर : मिळेल. तो मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असणार. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरेच असतात आणि तो विशिष्ट फॉन्ट हजर असेल तोवरच आपल्याला मराठी दिसते. प्रथम फॉन्टचे नेमके नाव शोधा, कारण प्रत्येक कंपनीची जुळणी निराळी होती. ती कळली की रूपांतर करणारी आज्ञावली मिळते किंवा लिहिता येते, पण ती चालवून काम संपत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवत, उच्चाराच्या क्रमाने नव्हे. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘क’च्या आधी साठवलेली असे, तर युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर येते, ‘अर्थ’मधला रफार ‘थ’च्या नंतर असे, तो आता आधी यायला हवा. जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली, जसे ‘स्थिती’ किंवा ‘मूर्ती’, की आज्ञावली चुकते आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. अशा शब्दांची यादी करून ते शोधून दुरुस्त करावे लागतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही म्हणून अधिक त्रास देते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीचे लोक ‘अ’ लिहून वर चंद्र जोडत, आणि आजही काही कळफलक तसेच करतात. दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एकाने दुसरे सापडत नाही. तुमच्या वेबसाइटवर कार्यक्रमांची, वक्त्यांची सूची असेल तर सर्वत्र एकच रूप ठेवा.

प्रश्न (पुणे) : मी वेब डिझाइनचे शिक्षण घेत आहे. मराठी वेबसाइट इंग्रजीच्या तुलनेत ओबडधोबड का दिसतात? कोणता फॉन्ट वापरावा?

उत्तर : फॉन्टची आज टंचाई नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत आहेत, गूगलचा ‘नोटो’ आहे. दीर्घ मजकुरासाठी ‘मुक्त’ मला पुरतो. ओबडधोबडपणा येतो तो रोमन लिपीच्या सवयी देवनागरीवर लादल्यामुळे. शीर्षकातील अक्षरांत अंतर वाढवण्याची इंग्रजीतील फॅशन मराठीत आणली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो; मी अक्षराच्या उंचीच्या किमान १.६ पट अंतर ठेवते. तिरपी अक्षरे टाळा, जोर द्यायचा तर ठळक करा.

फॉन्ट निवडण्यापूर्वी त्यात ‘दऱ्या’, ‘वाऱ्याचा’, ‘कऱ्हाड’ हे शब्द टंकून पाहा. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होत असेल तर तो फॉन्ट मराठीसाठी केलेला नाही, एवढे समजून पुढे जा. तसेच पानाच्या संकेतावलीत (कोडमध्ये) भाषा मराठी असल्याचे नमूद करा. मराठीत हिंदी वळणाचा ‘ल’ व ‘श’ चालेल असे कुणी सांगितले तर ऐकू नका; राज्य शासनाचा निर्णय पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरण्याचाच आहे. ‘नोटो’सारख्या काही फॉन्टमध्ये मराठी वळणे आत असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. अनेक सरकारी आणि खासगी वेबसाइटवर आपल्याला हिंदी वळण दिसते त्याचे कारण बहुधा एवढी एक राहिलेली नोंद असते.

प्रश्न (फोंडा, गोवा) : वेबसाइटचा पत्ताही देवनागरीत घ्यावा का?

उत्तर : ‘.भारत’ हा पत्ता २०१४ पासून देवनागरीत मिळतो आणि तो मराठीबरोबर कोकणीलाही चालतो. हौस म्हणून घ्या, पण रोमन पत्ताही सोबत ठेवा. काही ई-मेल सेवा आणि ऑनलाइन अर्ज देवनागरी पत्ता अजून नाकारतात.

प्रश्न (कोल्हापूर) : स्वतंत्रपणे काम करताना मानधन वेळेवर मिळत नाही, आणि नंतर आपलाच मजकूर दुसरीकडे वापरलेला दिसतो. आपण करारात काय लिहिता?

उत्तर : पहिल्या तक्रारीवर उपाय कायद्यात आहे, पण नोंदणी केलेली असेल तरच तो हाती लागतो. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि एकट्याने काम करणाऱ्यालाही करता येते. ती असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे काम स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरले तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक असते. लेखी काही ठरले नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. मी हे व्याज आजवर मागितलेले नाही. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि या कलमाचा उल्लेख छापल्यापासून मागण्याची वेळ क्वचितच येते. कामाचे पैसे तीन टप्प्यांत घ्या आणि मजकूर मंजूर होणे हा स्वतंत्र टप्पा ठेवा, कारण मांडणी पाहून ‘छान’ म्हणणारे मजकुरावर महिनोन्‌महिने बसतात.

हक्कांच्या बाबतीत, आपण पगारी नोकर नसाल तर लिहिलेल्या मजकुराचे पहिले मालक सहसा आपणच असता. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचे तसे नाही. वेगळा करार नसेल तर ती काम देणाऱ्याची होतात. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्या लेखी करारात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षांची आणि क्षेत्र नमूद नसेल तर भारतापुरते मानले जाते. म्हणून मी मजकूर, छायाचित्रे आणि मांडणीची संकेतावली यांसाठी तीन वेगळी वाक्ये लिहिते : मजकूर अमुक संकेतस्थळापुरता, छायाचित्रे कुणाची आणि कुठे वापरायची, संकेतावली काम संपल्यावर पूर्णपणे त्यांची. वेबसाइटचा पत्ता मात्र पहिल्या दिवसापासून काम देणाऱ्याच्याच नावावर आणि त्याच्याच ई-मेलवर नोंदवा. पैशांसाठी पत्ता अडकवून ठेवणारे मांडणीकार मी पाहिले आहेत. त्यात भरडली जाते ती बहुधा एखादी शाळा किंवा वाचनालय, आणि नूतनीकरणाची तारीख उलटली की तो पत्ता कुणीही उचलू शकते.