शब्दचर्चा: 'श्राइन' आणि 'टेंपल', दोन्हीही मंदिरेच?

प्रश्न असा आहे: जपानचे प्रवासवर्णन मराठीत लिहिताना शिंतोंचे (शिंतो हा जपानचा मूळचा धर्म) 'श्राइन' आणि बौद्धांचे 'टेंपल' या दोहोंना सरसकट 'मंदिर' म्हटले, तर काय बिघडते?

बरेच बिघडते. तोक्योच्या आसाकुसा भागातलेच उदाहरण घ्या. तिथल्या सेन्सो-जी या बौद्ध 'टेंपल'ची आख्यायिका अशी की ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची मूर्ती लागली आणि गावच्या प्रमुखाने तिचे मोल ओळखले. शेजारीच आसाकुसा-जिन्जा हे शिंतो 'श्राइन' आहे. तिथे पुजले जातात ते हे तिघेच! मूर्ती बौद्धांकडे, ती मिळवणारी माणसे शिंतोंकडे देव होऊन बसलेली. 'मंदिराशेजारी मंदिर' असे लिहिले की हे सगळे पुसले जाते.

जपानीत शब्द स्वतंत्र आहेत: शिंतोंची जिन्जा, बौद्धांचे तेरा. श्रद्धा मात्र शतकानुशतके एकमेकींत मिसळलेल्या होत्या; १८६८ मध्ये मेइजी सरकारने हुकूम काढून त्यांची फारकत केली.

'तेरा'साठी मराठीत 'विहार' हा शब्द तयारच आहे. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तो महाराष्ट्रात वस्तीवस्तीत रुळला, त्यामुळे तो पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. तेराच्या वास्तुसमूहाला जपानीत 'गारान' म्हणतात. तो आपला 'संघाराम', चीनमार्गे तिकडे पोचलेला.

'जिन्जा'साठी मी 'देवस्थान' सुचवेन. 'देऊळ' म्हटले की डोळ्यांपुढे गाभारा आणि मूर्तीचे दर्शन येते. जिन्जात कामीची, म्हणजे देवतेची, मूर्ती सहसा समोर नसते. आरशासारखी एखादी पवित्र वस्तू आत, नजरेआड ठेवलेली असते. नारा प्रांतातल्या ओमिवा-जिन्जात तर गाभाराच नाही, कारण मागचा मिवा डोंगरच पूज्य. जागाच पवित्र असेल, तर तिला 'स्थान' म्हणणेच योग्य. आपल्याकडे या शब्दाला विश्वस्त मंडळाचा थोडा वास लागला आहे, पण त्यासाठी चांगला शब्द सोडू नये.

नावांबद्दल थोडे. 'तेरा'चेच चिन्ह नावाच्या शेवटी कधी 'जी' तर कधी 'देरा' असे वाचतात: तोदाइ-जी, कियोमिझु-देरा. म्हणजे 'कियोमिझु-देरा विहार' ही द्विरुक्ती झाली. पण आपण 'रायगड किल्ला' म्हणतोच, तेव्हा वाचकाच्या सोयीसाठी ती खुशाल करावी. शेवटी जिन्जा, जिंगू किंवा ताइशा आले, तर ते देवस्थान: मेइजी जिंगू, इझुमो ताइशा.

प्रवाशाला ही शेपटे ओळखता यायलाच हवीत. देवस्थानात दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचे. इझुमोला टाळ्या चार. विहारात टाळी वाजवायची नाही, शांतपणे हात जोडायचे, आपण नमस्काराला जोडतो तसेच.