हुंडेकरी : हुंडीवाला नव्हे, हुंडा घेणाराही नव्हे

प्रश्न असा : मालवाहतुकीच्या जुन्या पेढ्यांवर ‘हुंडेकरी’ अशी पाटी दिसते, काहींचं ते आडनावही असतं. या शब्दाचा संबंध हुंडीशी की हुंड्याशी?

सावकारी हुंडी इथे नाही, लग्नातला हुंडा तर नाहीच. पाहायचं ते ‘हुंडेभाडे’ या शब्दाकडे. बैलांच्या पाठीवरून माल जायचा तेव्हा वाटेत नाक्यानाक्यावर जकात पडे. घाट उतरेपर्यंत ती किती होईल, याचा व्यापाऱ्याला भरवसा नसे. म्हणून भाडं आणि जकात मिळून एकच रक्कम उक्ती ठरवायची. ते हुंडेभाडे, आणि ते पत्करणारा हुंडेकरी. नाक्यावर जास्त गेलं तर त्याच्या पदरचं, वाचलं तर त्याचं. नुसते बैल भाड्याने देणाऱ्यावर ही जोखीम नसे.

1838 साली मुंबई इलाख्यातल्या वाटेवरच्या जकाती उठल्या, 1863 साली रेल्वे बोरघाट चढली. खरं तर हा शब्द तेव्हाच कोशात जाऊन पडायचा. तो गेला मालधक्क्यावर! वाघीण लागली (‘वॅगन’ची वाघीण करणाऱ्या अनाम माणसाला माझा नमस्कार) की ठरलेल्या वेळात रिकामी करायची, नाहीतर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. पेठेतला व्यापारी रेल्वेची पावती हुंडेकऱ्याच्या हाती देऊन मोकळा होई. माल सोडवणं, हमाली, नगरपालिकेची जकात, बैलगाडीने वखारीत पोचवणं, सगळं त्याच्या गळ्यात.

पुढे ट्रक आले. किराणा, कापड रस्त्याने जाऊ लागलं. रेल्वेनेही सुट्या पोत्यांपेक्षा अख्ख्या रेकवर (एका मालाची पूर्ण गाडी) भर दिला, त्यामुळे धक्क्यावर मुख्यतः सिमेंट, खत, धान्य असा ठोक माल उरला. 2017च्या जुलैत जीएसटी आला आणि मुंबईची उरलीसुरली जकातही गेली. पाट्या मात्र अजून आहेत. बिल्टीवर (ट्रकच्या मालपावतीवर) भाडं वेगळं, हमाली वेगळी, आणि वाराई (ट्रकमधून माल उतरवण्याची मजुरी) कोणी द्यायची यावरून गाडी खाली होताना वाद! मूळ अर्थाने अशा पेढीवाल्याला हुंडेकरी म्हणता येत नाही, पण रूढीपुढे इलाज नाही.

उलट दारातून दारापर्यंत सगळा खर्च धरून एकच दर देणाऱ्या आजच्या कंपनीला हा शब्द चपखल बसतो. तिथे तो बेलाशक वापरा.