‘टिल’ हे ‘अनटिल’चं पिल्लू नव्हे

मालवणात होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: पाहुण्यांसाठीच्या इंग्रजी पाटीवर नाश्त्याची वेळ ‘बाय टेन’ लिहावी की ‘टिल टेन’?

‘टिल टेन’. नाश्ता दहापर्यंत मिळत राहतो. खोली मात्र दहापर्यंत सोडायची, तिथे ‘बाय’. दहाच्या आत कधीही एकदा सोडली की झालं. आपलं ‘पर्यंत’ ही दोन्ही कामं एकटंच करतं, म्हणून गोंधळ. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ती ‘क्लोज्ड बाय थर्टी-फर्स्ट जुलै’ असं कुणी म्हणालं की माझा संताप होतो, कारण त्याचा अर्थ ३१ जुलैच्या आत कधीतरी बंद होईल असा उलटाच निघतो!

त्याहून चीड येते ती ‘टिल’च्या डोक्यावर लोंबणाऱ्या त्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाची. एक ‘एल’ गाळून वर ते टिंब चिकटवायचं, का तर म्हणे हा ‘अनटिल’चा संक्षेप. साफ चूक. ‘टिल’ थोरला आहे. ‘अनटिल’ लेखनात दिसतो तो १२०० च्या सुमारास, आणि त्यातल्या ‘अन’चा अर्थही ‘पर्यंत’च! म्हणजे अख्खा शब्द झाला ‘पर्यंतपर्यंत’. आपल्याकडे ‘गोलसर्कल’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता कोशकार सांगतात की ‘टिल’ नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, दर्यावर्दींनी इंग्लंडात आणला. मला हे अर्धंच पटतं. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्नच्या मठावर हेच दर्यावर्दी, म्हणजे व्हायकिंग, तुटून पडले ते ७९३ मध्ये. केडमन या जुन्या इंग्रजी कवीच्या स्तोत्राची उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियन बोलीतली प्रत त्याच शतकाच्या पूर्वार्धातली, आणि तिच्यात ‘हेबेन टिल ह्रोफे’ आहे: छप्पर म्हणून आकाश. जहाजं किनाऱ्याला लागण्याआधीच शब्द घरात होता! नॉर्स लोकांनी त्याचा वापर वाढवला असेल, तेवढं मान्य. पण उसना शब्द म्हणून त्याची नोंद करणं हा आळस आहे. जर्मनमधला ‘त्सील’, म्हणजे लक्ष्य, हा त्याचाच भाऊबंद. टिल म्हणजे मुळात नेम धरून गाठायची जागा. आपल्या ‘पर्यंत’च्या पोटात ‘अंत’ आहे, त्यांच्या ‘टिल’च्या पोटात लक्ष्य.

तेव्हा ताई, पाटीवर ‘टिल’ लिहा, दोन्ही ‘एल’सकट, आणि रंगाऱ्याला वरचं टिंब काढू देऊ नका.