वाचकांचे प्रश्न : हेडफोनसाठी खिशात मावणारा ॲम्प्लिफायर

प्रश्न : माझ्या भाच्याने जर्मनीहून येताना सेनहायझरचा एचडी ६५० हा हेडफोन आणला आणि तो फोनला जोडण्यासाठी तिथूनच यूएसबी-सीचा एक छोटा ॲडॅप्टरही घेतला. मी मुख्यतः ख्यालगायन ऐकतो. आवाज शेवटपर्यंत वाढवला, तरी विलंबित ख्यालाची सुरुवातीची आलापी फार क्षीण ऐकू येते. ३०० ओहमच्या हेडफोनला टेबलावर ठेवायचा मोठा ॲम्प्लिफायरच लागतो, असे दुकानदार सांगतात. मला गावोगावी बरोबर नेता येईल असे, डॅक आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेले उपकरण हवे आहे. ते मिळेल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : दुकानदारांचे निदान अर्धेच बरोबर आहे. दोष बहुधा आपल्या ॲडॅप्टरच्या मर्यादेत आहे आणि तो दूर करायला मोठ्या यंत्राची गरज नाही.

डॅक म्हणजे फोनमधले आकडे विद्युत्‌लहरीत बदलणारा भाग, आणि ॲम्प्लिफायर म्हणजे त्या लहरीला हेडफोनचा पडदा हलवण्याइतके बळ देणारा भाग. आपल्या ॲडॅप्टरमध्ये हे दोन्ही आहेतच, परंतु श्रवणशक्तीच्या रक्षणासाठी युरोपात आवाजावर मर्यादा घातलेली असल्याने तिथे विकले जाणारे काही ॲडॅप्टर जेमतेम अर्धा व्होल्ट देतात. त्याच जातीचे इतरत्र विकले जाणारे ॲडॅप्टर सुमारे एक व्होल्ट देतात. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार एचडी ६५० एका व्होल्टला १०३ डेसिबल आवाज देतो. व्होल्टेज निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे आपल्या जोडणीत ध्वनिमुद्रणातला सर्वांत मोठा क्षणसुद्धा फार तर ९७ डेसिबलपर्यंत पोहोचतो. आलापी अनेकदा त्या शिखरापेक्षा ३० डेसिबल खाली असते. उरतात ६७, म्हणजे साध्या बोलण्यापेक्षा थोडे अधिक. आणि त्यातलेही हळुवार स्वर त्याहून खाली. शिवाय हा हेडफोन मागून उघडा असल्यामुळे खोलीतल्या पंख्याचा आवाज थेट आत येतो. आपल्याला आलापी क्षीण वाटते ती यामुळेच.

आता दोन व्होल्ट देणारा, बोटभर लांबीचा डोंगल (म्हणजे आपल्यासारखाच, पण अधिक व्होल्टेजचा यूएसबी ॲडॅप्टर) घेतला तर १२ डेसिबलची वाढ मिळते आणि १०९ डेसिबलपर्यंत मोकळीक राहते. ख्यालासाठी ती पुरेशी आहे. काही डोंगलांना ४.४ मिलिमीटरचे बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या कानाला स्वतंत्र तारजोडी देणारे) तोंड असते आणि त्यातून चार व्होल्टपर्यंत मिळू शकतात. जुनी, फार हळू आवाजात मुद्रित झालेली ध्वनिमुद्रणे आपण नेहमी ऐकत असाल, तर ही सोय अवश्य पाहावी. आपल्या हेडफोनची केबल सुटी होत असल्याने ४.४ मिलिमीटरची केबल वेगळी घेता येते. बॅलन्स्ड जोडणीने आवाज आपोआप अधिक सुरेल होतो, हा मात्र गैरसमज आहे. आपल्याला तिचा उपयोग केवळ अधिक व्होल्टेजसाठी.

खोक्यावरच्या मिलिवॅटच्या आकड्याने फसू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ‘३०० मिलिवॅट’ असे ठळक छापलेले असते आणि खाली बारीक अक्षरात ‘३२ ओहमला’ असे असते. त्या आकड्याचा अर्थ सुमारे ३.१ व्होल्ट, तेच व्होल्टेज आपल्या ३०० ओहमच्या हेडफोनला दिले की शक्ती उरते फक्त ३२ मिलिवॅट. हेही आपल्याला पुष्कळच आहे, कारण दोन व्होल्टला तो १३ मिलिवॅटच घेतो. तेव्हा दुकानात प्रश्न विचारायचा तो एकच : ३०० ओहमच्या भाराला हे उपकरण किती व्होल्ट देते? उत्तर मिळाले नाही, तर दुसरे उपकरण पाहावे.

दोन लहान सूचना. या हेडफोनची पिन ६.३५ मिलिमीटरची आहे; ती बारीक करणारा जड धातूचा जोड डोंगलला थेट लावला तर त्याच्या ओझ्याने डोंगलचे तोंड सैल होते, म्हणून वीतभर तारेचा जोड वापरावा. आणि उघडा हेडफोन रेल्वेच्या डब्यासाठी नव्हे; शेजाऱ्याला आपले गाणे ऐकू जाते आणि आपल्याला डबा. मुक्कामी पोहोचल्यावरच तो पिशवीबाहेर काढावा.

प्रश्न : मी कानात बसणारे अतिशय संवेदनशील इअरफोन वापरते. बॅटरी असलेला एक शक्तिशाली पोर्टेबल ॲम्प्लिफायर घेतल्यापासून गाणे थांबले की सतत ‘स्स’ असा आवाज येतो. हेच उपकरण भावाच्या मोठ्या हेडफोनला लावले तर पूर्ण शांत असते. उपकरण सदोष आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उपकरण सदोष असण्याची शक्यता कमी आहे, ते आपल्या इअरफोनसाठी निवडलेले नाही, एवढेच. प्रत्येक ॲम्प्लिफायरला स्वतःची थोडी कुजबुज असते. ती १० मायक्रोव्होल्ट आहे असे धरू. एका व्होल्टला १०३ डेसिबल देणाऱ्या हेडफोनमध्ये ती अवघी ३ डेसिबल होते, म्हणजे कानाला कळतच नाही. परंतु १६ ओहमचा, एका मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा इअरफोन एका व्होल्टला सुमारे १२८ डेसिबल देतो; त्यात तीच कुजबुज २८ डेसिबल होते आणि रात्रीच्या शांत खोलीत स्पष्ट ऐकू येते. तानपुऱ्याची जवारी विरत जाताना जो शेवटचा झंकार उरतो, तो नेमका या कुजबुजीखाली बुडतो. एवढ्या बारकाईने ऐकणाऱ्या व्यक्तीचे हे खरोखर मोठे नुकसान आहे.

आधी उपकरणावरचे गेनचे (लहर किती पट वाढवायची ते ठरवणारे) बटण ‘लो’वर ठेवून पाहावे, पुष्कळदा तेवढ्याने काम होते. न झाल्यास दोन-तीन मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक कुजबुज नसलेला साधा डोंगल घ्यावा. आपल्याला शक्तीची गरज जवळजवळ नाहीच. मधे रोधक असलेली केबल लावण्याचा सल्ला कुणी दिला, तर थांबावे. अनेक पडदे असलेल्या इअरफोनचा इंपिडन्स (विजेला होणारा रोध, जो ओहममध्ये मोजतात) प्रत्येक स्वरपट्टीत बदलतो, त्यामुळे अशा केबलने कुजबुज कमी होते, पण खर्ज आणि तार यांचा तोलही बिघडतो. याच कारणाने ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इंपिडन्स इअरफोनच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा. आपल्या १६ ओहमसाठी ही मर्यादा दोन ओहम येते. एक ओहमच्या आत असेल तर उत्तमच.

प्रश्न : ३२ बिट आणि ७६८ किलोहर्ट्‌झ लिहिलेला डॅक घेतला तर जुन्या तबकड्यांवरून उतरवलेले नाट्यसंगीत अधिक चांगले ऐकू येईल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. १९८२ साली आलेल्या सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ हे प्रमाणच सुमारे ९६ डेसिबलचा चढउतार आणि माणसाच्या ऐकण्यापलीकडचे स्वर सामावून घेते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर आणि तिची स्वरमर्यादा या दोन्ही गोष्टी त्याच्या कितीतरी आत आहेत. त्या तबकडीवर जे कोरलेच गेले नाही, ते कोणताही डॅक परत आणू शकत नाही. आपल्याजवळ एकाच गाण्याच्या दोन प्रती असतील, तर ज्या प्रतीत योग्य सुई वापरून आणि वेग नीट जुळवून उतरवलेले आहे, ती शोधण्यात वेळ घालवावा. वेग थोडा जरी चुकला तरी गायकाची पट्टी बदलते, आणि हा फरक साध्या डोंगलवरही ऐकू येतो.

प्रश्न : बॅटरी असलेले उपकरण घ्यावे की फोनच्याच विजेवर चालणारे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दिवसाला तास-दोन तास ऐकायचे असेल तर फोनच्या विजेवर चालणारे. त्यात फुगणारी, चार वर्षांनी मरणारी बॅटरी नसते. लांबच्या प्रवासात फोनही जपायचा असेल आणि ऐकता ऐकता तो चार्जिंगला लावायचा असेल, तर बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ रिसीव्हर सोयीचा; तो शर्टाला अडकवता येतो आणि फोनचे यूएसबी तोंड मोकळे राहते. आपला फोन अँड्रॉइड असल्यास एलडॅक हा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज आटोपशीर करून पाठवण्याची पद्धत) दोन्हीकडे आहे ना, ते पाहावे. तो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो. आयफोनमध्ये एलडॅक नाही, तिथे एएसी वापरला जातो आणि गाण्यासाठी तो चांगला आहे. व्हिडिओ पाहताना मात्र ब्लूटूथवर ओठ आणि आवाज यांत अंतर पडू शकते, त्या वेळी तोच रिसीव्हर यूएसबी तारेने जोडता येतो का, हे घेण्यापूर्वी तपासावे.